गोष्ट आधी, दगड नंतर: नाशिकच्या मुलांसोबत ऐतिहासिक किशोर कादंबरी वाचताना

नाशिकच्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला रायगडाबद्दल विचारा, तो धडाधड बोलेल. पाठ्यपुस्तकात आहे, मालिकेत पाहिलाय. नाशिकजवळच्या रामसेज गडाचं नाव काढलं की मात्र ‘तिथे आम्ही पावसाळ्यात डबा घेऊन गेलो होतो’ एवढ्यावर गाडी थांबते. सिंहगडावरच्या गोष्टीत शत्रू कुठून चढला हे त्याला लेखक सांगेल तसं मानावं लागतं. रामसेजच्या गोष्टीत तसं नसतं. तिथली वाट त्याने स्वतः तुडवलेली असते आणि पाय कुठे घसरतो हे त्याला माहीत असतं. पांडवलेण्याच्या पायऱ्यांवर दम कुठे लागतो हे तर घरातल्या धाकट्यालाही ठाऊक असतं. आपल्या गावावरची कादंबरी वाचताना निम्मं वर्णन वाचकाच्या पायांत आधीच असतं, आणि म्हणून तो लेखकाशी भांडू शकतो. माझ्या मते ऐतिहासिक कादंबरी वाचण्याची खरी मजा त्या भांडणात आहे.

साधारण नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांसोबत वाचणाऱ्या आई-बाबा, मावशी-काका, आजी-आजोबा आणि हौशी शिक्षकांसाठी हे लिहितोय. पद्धत एका ओळीत सांगायची तर गोष्ट आधी, दगड नंतर आणि मग परत गोष्ट. आपण बहुतेक जण उलटं करतो. सुट्टीच्या दिवशी मुलांना लेण्यांसमोर उभं करून फलकावरची माहिती वाचून दाखवतो. मुलं आइस्क्रीम मागतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. ज्या भिंतीशी आपलं नातं जुळलेलं नाही ती भिंत का म्हणून बघायची?

आधी काळ ठरवा, मग पुस्तक

‘नाशिकच्या इतिहासावरचं पुस्तक द्या’ असं दुकानात किंवा वाचनालयात म्हणून फारसं हाती लागत नाही. कुठलं नाशिक हवंय ते आधी ठरवा. इथे एकावर एक बरीच नाशिकं रचलेली आहेत.

नऊ-दहा वर्षांच्या मुलांसाठी रामसेज बरा. १६८२ मध्ये औरंगजेबाच्या फौजेने या गडाला वेढा घातला आणि संभाजी महाराजांच्या माणसांनी तो काही वर्षं झुंजवला. गड लहान, फौज मोठी, वेढा लांबत गेलेला. गोष्टीला लागणारं सगळं यात आहे. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या म्हणून लाकडाच्या तोफा केल्या, हा उल्लेख मोगलांच्या बाजूने लिहिणाऱ्या खाफीखानाचा आहे. शत्रूच्याच माणसाने केलेलं कौतुक म्हणून ते मुलांना विशेष आवडतं.

अकरा-बाराच्या पुढे पेशवाई घ्या. सरकारवाडा, नारोशंकराचं देऊळ, राघोबादादा आणि आनंदीबाईंची आनंदवल्ली हे सगळं रोजच्या जाण्यायेण्याच्या रस्त्यावर आहे. याच वयात दादासाहेब फाळकेही चालतात. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या या माणसाने पुढे नाशिकमध्ये चित्रपट तयार केले आणि १९१९ मध्ये आपल्या लहानग्या मुलीला, मंदाकिनीला, बालकृष्णाच्या भूमिकेत कॅमेऱ्यासमोर उभं केलं. नाशिकची एक लहान मुलगी पडद्यावर यमुनेत कालियाशी झुंजते, याच्याइतका किशोरकथेचा तयार विषय दुसरा सांगता येणार नाही.

बारा-तेराच्या पुढच्या मुलांना १९०९ आणि १९३० द्या, पण हातात पुस्तक देऊन मोकळे होऊ नका, सोबत वाचा. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरमध्ये अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. कान्हेरे तेव्हा अठराच्या आसपासचे होते आणि पुढच्या एप्रिलमध्ये ते ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. जॅक्सन संस्कृतचा अभ्यासक होता, लोक त्याला ‘पंडित’ म्हणत. या प्रसंगावरची गोष्ट थिएटरच्या दोन्ही बाजूंना वाचकाला उभं करत असेल तर ती घ्या. एकाच बाजूची असेल तर पोराच्या मनात जे प्रश्न उठतील त्यांची उत्तरं द्यायला तुम्ही शेजारी हवेत. काळाराम सत्याग्रहाबद्दल पुढे बोलू.

माझा स्वतःचा ओढा सातवाहनांकडे आहे. राजा, शत्रू, व्यापारी, भिक्खू, कोष्टी सगळे एकाच डोंगरात कोरलेले सापडतात, आणि तरी लेखकाला मोकळी जागा भरपूर उरते.

पुस्तक पारखणं

मलपृष्ठावरचा मजकूर वाचू नका. मधलं कुठलंही पान उघडा आणि त्या पानावर मूल काही करतंय का ते बघा. बऱ्याच किशोर कादंबऱ्यांत मुलगा नायक असतो खरा, पण तो दारामागून मोठ्यांचं बोलणं ऐकण्यापलीकडे काही करत नाही. लढाई, तह, राज्याभिषेक सगळं मोठ्यांनीच करायचं आणि पोराने ‘धन्य ते राजे’ म्हणायचं. अशी पुस्तकं मुलं तिसऱ्या प्रकरणात खाली ठेवतात.

दुसरी परीक्षा भाषेची. ‘हे माते, मज आज्ञा द्यावी’ असं कोष्ट्याचं पोर घरात बोलत असेल तर लेखकाला तो काळ नाटकातून माहीत आहे असं समजा. जुनेपणा दोनचार नेमक्या शब्दांनी येतो, प्रत्येक वाक्याला झूल घालून येत नाही. तिसरं म्हणजे शेवटी लेखकाने ‘यातलं खरं काय, मी काय घातलं’ हे सांगितलंय का ते पाहा. एक पान असलं तरी पुरे. असं पान असलेलं पुस्तक मी डोळे झाकून उचलतो.

जुन्या पुस्तकांच्या बाबतीत छपाईचं वर्ष बघून घ्या. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या कितीतरी किशोर कादंबऱ्या झकास पळतात, पण त्यांत एखादी जात किंवा धर्म सरसकट खलनायक असतो. त्या वाचूच नका असं मी म्हणणार नाही. मोठ्याने वाचताना तिथे थांबा आणि ‘हे असं का लिहिलं असेल?’ एवढंच विचारा.

शोधायचं कुठे? सार्वजनिक वाचनालय नाशिक, म्हणजे आपलं सावाना, १८४० पासूनचं आहे, सुरुवात तिथून करा. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. त्यांत ऐतिहासिक कथा सापडतात आणि दहा मिनिटांत संपणारी कथा आळशी वाचकासाठी कादंबरीपेक्षा सोपी सुरुवात आहे.

नेमकं नाशिकवरचं काही मिळालं नाही तर परीघ वाढवा. बागलाणातला साल्हेर आपल्याच जिल्ह्यात आहे आणि तिथली १६७२ ची लढाई गोष्टीला पुरून उरेल. सिन्नरच्या गोंदेश्वरामुळे यादवांचा काळ जवळचा होतो. जुन्नर-नाणेघाट आणि पैठण ही सातवाहनांची ठिकाणं. पैठणची गोष्ट नाशिकच्या मुलांना परकी वाटायचं कारणच नाही, रामकुंडावरून गेलेलं पाणी पुढे तिथेच जातं.

पहिल्या पानाआधी एक नकाशा

प्रस्तावना नको, व्याख्यान तर मुळीच नको. एक कोरा कागद घ्या आणि त्यावर पश्चिमेकडून पूर्वेकडे एक वाकडी रेघ काढा. ती गोदावरी. डाव्या टोकाला त्र्यंबक, मध्ये रामकुंड, दक्षिणेला पांडवलेणी, उत्तरेला रामसेज. मग मुलाला त्याचं घर दाखवायला सांगा. सिडको, इंदिरानगर, म्हसरूळ, जेलरोड, जिथे असेल तिथे त्याला ठिपका काढू द्या.

आता खोडरबर त्याच्या हातात द्या. गोष्ट ज्या काळातली आहे त्या काळात काय नव्हतं? मुंबई-आग्रा महामार्ग पुसा, रेल्वे पुसा. होळकर पूल इंग्रजांच्या अमदानीतला, तोही गेला. गंगापूर धरण तर स्वातंत्र्यानंतरचं. एवढं पुसून झालं की नदी एकदम मोठी होते. धरण नाही म्हणजे पावसाळ्यात तिला अडवणारं कोणी नाही, आणि पूल नाही म्हणजे पलीकडच्या पंचवटीत जायला एक तर होडी किंवा उन्हाळ्यातला उतार. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठल्या भागापर्यंत पाणी आलं यावर पुराचा अंदाज बांधायची आपली सवय मुलांना माहीत असतेच. त्यामुळे गोष्टीत ‘नदी फुगली होती’ असं वाक्य आलं की त्यांच्या डोळ्यांपुढे काहीतरी नेमकं उभं राहतं.

त्याच कागदावर अंतराचं गणितही करून टाका. बैलगाडी तासाला तीन-चार किलोमीटर जाते असं धरलं तर त्र्यंबकचा अठ्ठावीस-तीस किलोमीटरचा रस्ता म्हणजे जवळजवळ अख्खा दिवस. मुंबई एकशे सत्तर किलोमीटर आणि वाटेत थळघाट, म्हणजे आठवडा धरा. एकदा हे हिशेब मुलाने स्वतः केले की ‘सांजवेळी निघून तो रातोरात कल्याणला पोचला’ असं वाक्य आल्याबरोबर तोच पुस्तक खाली ठेवून म्हणतो, ‘आई, हे कसं शक्य आहे?’ काहीही समजावून न सांगता आपलं काम झालेलं असतं.

वाचायचं कसं

मोठ्याने, रात्री, एक प्रकरण. चांगलं वाचता येणाऱ्या मुलालाही वाचून दाखवा, बारा वर्षांच्यालाही. घरात आजी-आजोबा असतील तर संवाद त्यांना द्या. एखादी बागलाणातली आजी साल्हेरच्या गावकऱ्याचा संवाद अहिराणी ढंगात म्हणते तेव्हा लेखकाचं छापील वाक्य उघडं पडतं, आणि मुलांना हसू आवरत नाही.

प्रश्न विचारू नका. ‘मग यातून आपण काय शिकलो?’ हा तर घरात बंदी घालण्याजोगा प्रश्न आहे. चावडी, मोट, बुरूज, कार्षापण असले शब्द अडले तर अडू द्या, दोन पानांत संदर्भाने उलगडतात. मूल स्वतः विचारेल तेवढंच एका वाक्यात सांगा आणि पुढे चला.

आणि निम्म्यात थांबा. ठरवून थांबा. वेढा ऐन भरात आहे, गुप्तहेर लेण्यांच्या डोंगरावर पोचलाय, अशा जागी पुस्तक मिटायचं आणि म्हणायचं, ‘रविवारी तिकडे जाऊ, उरलेलं नंतर.’ पोरं ओरडतील. ओरडू द्या.

जागेवर: पांडवलेणी

आता सगळ्यात रसाळ टप्पा. सातवाहन काळातली गोष्ट वाचत असाल तर सकाळी लवकर निघा, शहरापासून लेणी आठेक किलोमीटरवर आहेत. चोवीस लेणी आहेत, सगळी बघायचा हट्ट धरू नका. तीन पुरेत: तिसरं, दहावं आणि अठरावं. मोबाइलचा टॉर्च बरोबर ठेवा. कोरलेल्या अक्षरांवर समोरून प्रकाश टाकला तर काही दिसत नाही, भिंतीला चिकटून तिरपा धरला की सावल्या पडतात आणि ओळी उठून येतात. अक्षरांना हात लावायचा नाही, खडू तर दूरच. कातळाला मोहोळं दिसली तर आवाज कमी.

सुरुवात अठराव्यापासून करा. हे चैत्यगृह आहे, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन, आणि त्याच्या दर्शनी भागावरच्या एका लेखात हे नासिककांचं दान असल्याचं म्हटलंय. नासिककांचं, म्हणजे नाशिककरांचं. दोन हजार वर्षांच्या आसपास या गावाचं नाव टिकून आहे आणि ते कुणा राजाने नाही, गावकऱ्यांनी दारावर लिहून ठेवलंय. वर्गणी काढून मंडळाचा मांडव घालणाऱ्या गावाला हे नवीन नसावं.

मुलांना ब्राह्मी, म्हणजे या लेखांची लिपी, वाचता येत नाही, आपल्यालाही येत नाही. पण ‘क’ शोधता येतो. ब्राह्मीतला ‘क’ अधिकच्या चिन्हासारखा असतो. मुलांना फक्त एवढंच सांगा, ‘अधिक शोधा.’ पाच मिनिटांत भिंतीवर शर्यत लागते. नंतर कुणीतरी विचारतंच, ‘हे सगळं लिहिलंय काय?’ तेव्हा दहाव्या लेण्याच्या ओसरीत जायचं.

तिथे सातवाहनांचा शत्रू असलेल्या क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत, साधारण १९०० वर्षांपूर्वीचे. त्यातल्या एकात चक्क बँकेतल्या ठेवीसारखा हिशेब आहे. उषवदाताने गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, एकूण ३००० कार्षापणांची, म्हणजे नाण्यांची, अक्षय ठेव ठेवली. एका श्रेणीकडे २०००, व्याज दरमहा शेकडा एक. दुसरीकडे १०००, व्याज दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल कधीच परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून या लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामाला, राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे.

इथे थांबा आणि सातवीतल्या मुलाला गणित घाला. २००० वर शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा, म्हणजे २४०. पैला पै जुळते! हा हिशेब भिंतीसमोर उभं राहून तोंडी जुळवताना मुलांचा चेहरा बघण्यासारखा असतो. शाळेतल्या सरळव्याजाला आजवर एवढा मान मिळालेला नसतो. उरलेल्या हजाराचे वर्षाला ९० होतात, ते इतर खर्चासाठी. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून रीतीप्रमाणे फळ्यांवर नोंदवला असंही लेख सांगतो.

लेखात उल्लेख आलेलं गोवर्धन हे गाव आजही गंगापूर रस्त्यावर आहे. परतताना गाडी तिकडून घ्या. तुमच्या कादंबरीत विणकराचा मुलगा असेल तर त्याचं गाव हेच. नसेल तर मुलांना एक प्रश्न देऊन टाका: दुष्काळाच्या वर्षी कापड विकलं गेलं नाही, तरी व्याज भरायचंच होतं, मग त्या विणकरांनी काय केलं असेल? याचं उत्तर कुठल्याही भिंतीवर नाही. कादंबरीकार शिरतो तो अशाच फटीतून.

तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. नातू पुळुमावीच्या राजवटीच्या एकोणिसाव्या वर्षी तिने लेणं दान दिलं आणि त्यात आपल्या गेलेल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी कोरवून घेतली. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, त्याने क्षहरातांचा वंश निखंदून काढला. क्षहरात म्हणजे नहपानाचं घराणं, ज्याच्या जावयाचं लेणं याच डोंगरात थोड्या अंतरावर आहे. मुलांना दोन्ही ओसऱ्यांत उभं करा आणि चालत अंतर मोजू द्या. हरलेल्याचा लेख जिंकणाऱ्याने फोडला नाही, हे त्यांच्या लक्षात येतं का ते बघा.

या लढाईचा दुसरा पुरावा खणखणीत आहे. १९०६ मध्ये गोदावरी-दारणा संगमाजवळच्या जोगलटेंभी गावात नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाणी. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलाय. खालून नहपानाचा चेहरा डोकावतो आणि वरून डोंगराचं चिन्ह. ती नाणी तिथे कुणी पुरली? का पुरली? परत काढायला का आला नाही? लेखकाला याहून काय हवं? अंजनेरीला त्र्यंबक रस्त्यावर नाणी संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे, आधी फोन करून वेळ विचारा आणि मुलांना जुनी नाणी बघू द्या.

बाकीच्या जागा थोडक्यात

रामसेजला पेठ रस्त्याने आशेवाडीतून चढतात, लहान मुलांनाही जमतो. वर गेल्यावर पाण्याची टाकी शोधायला सांगा. वेढ्याच्या गोष्टीत तोफांपेक्षा पाणी महत्त्वाचं असतं आणि कादंबरीकार ते बहुतेक वेळा विसरतो. मग गडाच्या कडेला उभं राहून खाली मोगलांचे तंबू कुठे असते ते मुलांना ठरवू द्या.

नारोशंकराच्या देवळातली मोठी घंटा वसईच्या पोर्तुगिजांवरच्या विजयाशी जोडली जाते. ‘घंटेला पाणी लागलं’ म्हणजे महापूर, हे कुठलंही जुनं माणूस सांगेल. सरकारवाड्यातून निघून सराफ बाजार आणि तांबट आळीतून पायी नदीवर या. पेशवाईतली गोष्ट वाचत असाल तर गल्ल्यांचा अरुंदपणा हेच वर्णन आहे.

काळाराम मंदिराला मात्र घाईत जाऊ नका. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड त्याचे आधारस्तंभ होते. तो पाच वर्षांच्या आसपास चालला आणि दरवाजा उघडला नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली. गोष्ट वाचून झाली असेल तर मुलांना आधी आत नेऊ नका. मंदिराला बाहेरून पूर्ण फेरी मारा, प्रत्येक दरवाजापाशी थोडं थांबा. सत्याग्रही या दरवाजांवर बसले होते. मग आत जा. ‘हे लहान मुलांना कशाला सांगायचं?’ असं मला कधीमधी विचारलं जातं. त्या काळातल्या लहान मुलांना ते कुणी सांगायची गरज नव्हती, त्यांना ते रोज दिसत होतं. त्याच मार्चमध्ये, दहा दिवसांनी, गांधीजी दांडीला निघाले. दोन्ही तारखा शेजारी लिहून मुलासमोर ठेवा आणि गप्प बसा.

तीन रकान्यांची वही

घरी आल्यावर पुस्तक परत उघडा, पण आता शेजारी एक वही. तीन रकाने: ‘कोरलेलं किंवा लिहिलेलं सापडतं’, ‘लेखकाने घातलंय’, ‘लोक सांगतात’.

तिसरा रकाना नाशिकमध्ये फार लागतो. पांडवलेण्यांचा पांडवांशी संबंध नाही, ती बौद्ध लेणी आहेत, पण नाव पडलंय. सीतागुंफा आहे, अंजनेरीला हनुमानाचा जन्म झाला असं मानतात. मुलं विचारणारच, ‘हे खरं का?’ ‘खोटं आहे’ म्हणून आजीला दुखवायची गरज नाही, ‘खरं आहे’ म्हणून पहिल्या रकान्यात ढकलायचीही नाही. लोक शेकडो वर्षं सांगत आले, म्हणून तिसऱ्या रकान्यात. त्या रकान्याला मान आहे, फक्त जागा वेगळी आहे.

पहिल्या रकान्यासाठी काहीतरी ताडून बघायला लागतं. १८८३ सालचं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर इंटरनेटवर वाचता येतं, इंग्रजीत आहे, मोठ्यांनी वाचून सांगावं. इंग्रज अधिकाऱ्यांनी त्यांच्या नजरेने लिहिलंय हे लक्षात ठेवून वाचा, पण लेण्यांची, देवळांची, बाजारांची वर्णनं भरपूर आहेत. जुनं गाव याहून किती खोल जातं हे बघायचं असेल तर गोदाकाठच्या मातीच्या गढीचं नाव काढा, तिथे १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं होतं.

लेखकाला पकडा

हा खेळ वहीपेक्षा लवकर लोकप्रिय होतो. काळाशी न जुळणारी वस्तू पुस्तकात सापडली की एक गुण.

ताटापासून सुरुवात करा. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, पेरू, शेंगदाणा हे सगळं अमेरिका खंडातलं, पोर्तुगीज आल्यानंतरचं. म्हणजे सातवाहनांच्या सैनिकाने हिरव्या मिरचीचा ठेचा खाल्ला की लेखक बाद. ज्वारी, तीळ, ताक, तूप चालेल. उपासाची साबुदाण्याची खिचडी तर पेशवाईतही नको, आणि सातवाहनांच्या गोष्टीत ती दाण्याचा कूट घातलेली असेल तर दोन गुण. पेशवाईतल्या घरी पाहुण्याला चहा विचारला तरी पकडा.

वेळेचंही तसंच. ‘दहा मिनिटं’ नको, घटका हवी. घटका चोवीस मिनिटांची, दिवसरात्रीच्या साठ. प्रहर तीन तासांचा. अंतर कोसात. ‘रुपया’ शेरशहाच्या आधी आला की गुण घ्या. मोगली अमलातल्या गोष्टीत सरकारी कागदावर गावाचं नाव गुलशनाबाद असायला हरकत नाही, तसं असेल तर लेखकाने घरचा अभ्यास केलाय, त्याला उलट गुण द्या.

एक काळजी घ्या. चूक सापडली म्हणून पुस्तक वाईट ठरत नाही. मिरचीची चूक असलेली पण जिवंत माणसांची कादंबरी मी अचूक आणि निर्जीव कादंबरीपेक्षा कधीही वरची मानेन.

पुढचं पान मुलाचं

निबंध लिहायला लावू नका. आपल्या गल्लीतलं एक जुनं माणूस गाठून एकच प्रश्न विचारायचा एवढं काम द्या. १९६९ चा पूर कुठपर्यंत आला होता? प्रेसमध्ये नोकरीला असताना काय काय छापायचे? नाशिक रोडचा सिक्युरिटी प्रेस १९२५ चा, त्यामुळे तीन पिढ्या तिथे गेलेली घरं सापडतात. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या जुन्या हौदात, पहिली उडी कोण मारायचं? उत्तर त्याच वहीत, तिसऱ्या रकान्यात. सोसायटीतली चार-पाच मुलं असतील तर त्यांनाच कथेचं पुढचं प्रकरण रचू द्या, प्रत्येकाने एक प्रसंग. मोठ्यांनी शुद्धलेखन तपासायला बसू नये.

केव्हा जावं

लेण्यांना हिवाळ्यातली सकाळ. रामसेजला पाऊस ओसरल्यावर, भाद्रपदाच्या शेवटाकडे गवत हिरवं आणि वाट कोरडी असते. काळारामला मार्चमध्ये जमलं तर बघा, फक्त रामनवमीची गर्दी टाळा. रहाडी बघायच्या तर रंगपंचमीलाच, एरवी त्या बुजवलेल्या असतात आणि तुम्ही त्यांच्यावरून चालत असता. गोदाघाट आणि रामकुंडाचा फेरा मात्र सिंहस्थाचा हिशेब करून ठरवा. २०२७ च्या पर्वण्या, म्हणजे कुंभमेळ्यातल्या मुख्य स्नानांचे दिवस, जवळ आल्या की लहान मुलांना घेऊन त्या बाजूला निवांत उभं राहायला जागा मिळणार नाही. घाटावरची गोष्ट आधी उरकून घ्या आणि त्या महिन्यांत सिन्नरच्या गोंदेश्वराकडे वळा, तिथे सावलीत बसून एक अख्खं प्रकरण वाचून होतं.